सत्यकुंडातलं मीठ

मंगळवारी सकाळी दहाच्या आतच त्या शेडसमोर चपला काढायला जागा उरत नसे. चोपड्याकडून, यावलकडून, पार धुळ्याहून माणसं यायची. काळ्या-पिवळ्या जीपगाड्या केळीच्या बागांपर्यंत उभ्या असायच्या. शेड म्हणजे पूर्वी केळीचे घड धुऊन खोक्यांत भरायची पत्र्याची जागा. आत सतत अंधार. मध्यभागी निखाऱ्यांवर जाड लोखंडी हंडी, हंडीत पाण्यासारखं नितळ दिसणारं काहीतरी. ते पाणी नव्हतं, वितळलेलं मीठ होतं. त्यात दोन त्रिशूळ उभे, त्यांच्या दांड्यांच्या तांब्याच्या सळ्या मिठात बुडवलेल्या. दोन्ही एका लाकडी पट्टीत बसवलेले आणि पट्टीला लाल वस्त्र गुंडाळलेलं. मागे चौरंगावर देवीचा पितळी मुखवटा. माणूस हंडीसमोर उभा राहून बोलला आणि खरं बोलला, की मुखवट्याचे डोळे लालभडक पेटायचे. खोटं बोलला की डोळे काळे.

त्याला लोक सत्यकुंड म्हणायचे. कुंडाचे मालक ज्योतिनाथ महाराज.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांच्यातल्या काहींना पुढची तीस-चाळीस वर्षं तिथेच काढायची आहेत.

मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याआधी सात वर्षं चोपड्याला होतो. तिथली माझी एक विद्यार्थिनी सुलक्षणा बारावी सायन्स करून या गावात सून म्हणून आली आणि पुढे आशा कार्यकर्ती झाली. घरोघर जाऊन गरोदर बायकांच्या नोंदी घेणं, लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करणं, ताप आला तर दवाखान्यात पाठवणं हे तिचं काम. तिने एका दुपारी फोन केला आणि रडत नाही हे दाखवायचा प्रयत्न करत सगळं सांगितलं.

गावातले पुना आबा म्हणजे वजनदार माणूस. त्यांचा चार महिन्यांचा नातू आजारी पडला. सुलक्षणाने घरी जाऊन त्याचे श्वास मोजले, छाती आत ओढली जातेय हे पाहिलं आणि आत्ताच्या आत्ता चोपड्याला न्या म्हणून सांगितलं. आबांनी नातवाला महाराजांकडे नेलं. महाराजांनी अंगारा दिला आणि दोन दिवस घराबाहेर काढू नका म्हणाले. तिसऱ्या दिवशी चोपड्याला नेताना पोर गाडीतच गेलं.

आता दोष कुठेतरी ठेवायला हवा होता. महाराजांनी पुढच्याच मंगळवारी जाहीर केलं की पोराला कुणाचा तरी हात लागलाय. शेवटचा हात कुणाचा? श्वास मोजायला छातीवर हात ठेवला होता तो सुलक्षणाने. तिला कुंडासमोर उभं केलं. मी काही केलेलं नाही, असं ती म्हणाली. देवीचे डोळे काळेच राहिले.

तेव्हापासून तिच्यासाठी दारं बंद झाली. सात महिन्यांची एक गरोदर बाई तिला पाहून पदर तोंडावर घेऊन आत पळाली, हे सांगताना मात्र तिला रडू आवरलं नाही.

मी त्याच आठवड्यात गेलो. वीस वर्षं असल्या गोष्टींवर व्याख्यानं दिली आहेत, नारळातून निघणारं कुंकू, आपोआप पेटणारा होम, सगळं करून दाखवलेलं आहे. त्यामुळे जाताना मी जरा तोऱ्यातच होतो. हे पाच मिनिटांचं काम आहे असं वाटलं.

महाराज बोलायला तयार होते. त्यांचं बोलणं असं: मीठ म्हणजे सागराचं हाड. हाड वितळलं की सागर जागा होतो आणि सागराला सगळ्यांची पापं माहीत असतात, कारण सगळ्या नद्या तिथेच जातात. हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय. त्यांनी मीटर लावला तर काटाच मोडला. कुठले शास्त्रज्ञ, कसला मीटर, हे विचारल्यावर महाराज मंद हसले आणि म्हणाले की काटा मोडल्यावर ते लाजून नाव न सांगताच गेले. लोकांनी माना डोलावल्या. समोर दहावी-बारावी झालेली, हातात मोबाइल असलेली माणसं होती. मला ओरडावंसं वाटत होतं.

मी म्हणालो, हंडीखाली वायर असणार. महाराजांनी लगेच हंडी चिमट्याने उचलून दाखवली. खाली निखारेच होते. वायर असती तर या आगीत तिचं रबर राहिलं असतं का, असं त्यांनीच मला विचारलं. शेडमध्ये हशा पिकला. मी पुन्हा म्हणालो, मग रिमोट असेल. महाराजांनी हात वर करून अंगरखा झटकला. आणखी हशा. पुना आबा माझ्याजवळ आले. वय सत्तरीचं, डोळे कोरडे. "सर, तुम्ही शिकेल शेतस," ते अहिराणीत म्हणाले, "पन देवी खोटं बोलस का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी कुंडासमोर उभ्या राहिलेल्या चार-पाच जणांचा मी मोबाइलवर एक व्हिडिओ तेवढा घेतला आणि परत आलो. परतताना सुलक्षणाकडे पाहायचं धाडस झालं नाही. तिची सासू भिकुबाई दारात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मनी सून अशी नही शे, सर. पन मी सांगीसन कोन ऐकस?"

पुढचे दहा-बारा दिवस मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला याला गणती नाही. मी अर्ज लिहिला, पोलीस ठाण्यात दिला. जादूटोणाविरोधी कायद्याची कलमं सोबत जोडली. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पण युक्ती काय आहे ते दाखवता आलं तर काम सोपं होईल, असं म्हणाले. तेच तर मला येत नव्हतं. त्याच दिवसांत सुलक्षणाने कळवलं की गावाने तिला दोन वाटा दिल्यात. पुढच्या मंगळवारी कुंडासमोर चूक कबूल कर, नाहीतर नवऱ्याला घेऊन गाव सोड. नवरा ट्रॅक्टरवर चालक. तो काहीच बोलत नव्हता, हे तिने दोनदा सांगितलं.

शनिवारी कॉलेजच्या कामाने जळगावला गेलो आणि परतायच्या आधी वाकडी वाट करून नशिराबादला युसूफभाईंकडे थांबलो. युसूफभाई जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात चौतीस वर्षं भट्टीवर होते. लोखंडी अवजारं कडक करायची भट्टी. त्या भट्टीत कोळसा नसतो, वितळलेलं मीठच असतं. मी दरवर्षी पोरांना ती भट्टी दाखवायला न्यायचो आणि माहिती युसूफभाईच सांगायचे. आता ते निवृत्त झालेत. त्यांच्या सूनबाईंनी, तबस्सुमने, चहा आणला. मी वैतागून सगळी कहाणी सांगितली आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

ते व्हिडिओ पाहताना मुखवट्याकडे बघतच नव्हते. एका जागी त्यांनी चित्र थांबवलं आणि बोटांनी मोठं केलं. महाराजांनी त्रिशूळ हंडीबाहेर काढले होते तो क्षण होता.

"सर, या दोन सळ्या एकाच दिवशी बसवल्यात ना? आग एकच, मीठ एकच," ते म्हणाले. "मग ही डावी एवढी झिजली कशी? आणि उजवी तशीच का?"

मी पाहिलं. डावी सळई टोकाकडे पेन्सिलीसारखी बारीक झाली होती. उजवी जाडच होती, उलट तिच्यावर पिवळी झाक होती. लोक त्या पिवळेपणाला देवीने चढवलेलं सोनं म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि मी त्यावर एकदाही विचार केला नव्हता.

युसूफभाईंनी मग शांतपणे सांगितलं. नुसत्या आगीने झिजल्या असत्या तर दोन्ही सारख्या झिजल्या असत्या. त्यांच्या भट्टीतही दोन मोठे लोखंडी खांब मिठात बुडवलेले असत, त्यांतून वीज जाई आणि त्या विजेनेच मीठ तापलेलं राही. घरात येते तशी, उलटसुलट वाहणारी वीज, म्हणून ते खांब सारखेच झिजत. पण तरुणपणी ते प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवायच्या दुकानात होते. तिथे बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज असे. बॅटरीच्या एका टोकाला लावलेली तांब्याची पट्टी विरघळत जाई आणि दुसऱ्या टोकाच्या वस्तूवर धातू चढे. एक सळई झिजते आणि दुसरीवर काहीतरी चढतं, म्हणजे तिथे बॅटरी आहे. हंडी हा नुसता खटका आहे. मीठ पातळ असेल तर वीज एका सळईतून दुसरीत जाते, गोठलेलं असेल तर जात नाही.

मी कपाळाला हात लावला. घट्ट मिठातून वीज वाहत नाही, वितळलेल्या मिठातून वाहते, कारण त्यातले धनभारित आणि ऋणभारित कण सुटे होतात. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. दोन सळ्या, एक भांडं, एक बॅटरी, एक दिवा. परीक्षेत पाच मार्कांना विचारतो. तीच आकृती माझ्यासमोर निखाऱ्यांवर उकळत होती, आणि मी भांड्याखाली वायर शोधत होतो. वायर वरून येत होती, त्या लाल वस्त्रातून.

पिवळेपणाचं कोडं मग मीच सोडवलं. साधं मीठ चुलीवर वितळत नाही, त्याला आठशे अंश लागतात. म्हणजे हंडीत जस्ताचा क्षार मिसळलेला असणार. तो मिसळला की मिश्रण निखाऱ्यांवरही पातळ होतं. त्यातलं जस्त एका सळईवर चढतं, त्या उष्णतेत तांब्यात मुरतं आणि पितळ तयार होतं. देवीचं सोनं म्हणजे पितळ.

पण एक प्रश्न राहिला होता. मीठ तर सगळा वेळ पातळच दिसायचं. मग सुलक्षणाच्या वेळी दिवा का लागला नाही?

युसूफभाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. ज्याला खरा ठरवायचं त्याच्या वेळी महाराज त्रिशूळ जेमतेम वर उचलत आणि लगेच बुडवत. ज्याला खोटा ठरवायचं त्याच्या वेळी ते त्रिशूळ बाहेर काढून त्यांना कुंकू लावत, मंत्र म्हणत, मोरपिसांनी बराच वेळ वारा घालत आणि मगच बुडवत. "थंड लोखंड आम्ही मिठात घातलं की त्याच्याभोवती मिठाचं कवच धरायचं," युसूफभाई म्हणाले. "पांढरं, कडक. पुन्हा वितळायला वेळ लागतो. तेवढा वेळ करंट बंद. महाराज बुडवल्यावर किती थांबतात ते बघा."

मी मोजलं. महाराज एकवीस आकडे म्हणत आणि माणसाला बाजूला करत. एकविसाच्या पुढे कधीच नाही.

मी तिथूनच सुलक्षणाला फोन केला. मला वाटलं होतं तिला समजवायला वेळ लागेल. मी सळ्या, मीठ, बॅटरी एवढंच बोललो होतो. तोच ती म्हणाली, "सर, ही तर आपली अकरावीची आकृती आहे." मग मी तिला मिठाच्या कवचाचं आणि एकवीस आकड्यांचं सांगितलं. त्यावर ती म्हणाली की मी जागची हलणार नाही, एवढंच करायचं ना?

मंगळवारी शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. मी आणि युसूफभाई मुखवट्याच्या बाजूला थांबलो. साध्या कपड्यांत एक हवालदार बायकांच्या रांगेशेजारी बसला होता. माझा अर्ज निदान तेवढा उपयोगी पडला.

सुलक्षणाला पुढे बोलावलं. महाराजांनी त्रिशूळ बाहेर काढले. मुखवट्याचे डोळे विझले. कुंकू लागलं, मंत्र झाले, मोरपिसांचा वारा झाला. सळ्या बुडाल्या. महाराज म्हणाले, बोल.

"आबांच्या नातवाला मी काही केलं नाही," ती म्हणाली.

डोळे काळेच. महाराज आकडे म्हणू लागले. एकविसावर थांबले आणि हाताने तिला बाजूला व्हायची खूण केली. ती हलली नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. दोन सेवेकरी पुढे आले. तेव्हा ती लोकांकडे तोंड करून म्हणाली की मला गाव सोडायला सांगताय, तर पाच मिनिटं उभं राहू द्या, एवढंच मागते. महाराज म्हणाले की देवीचा निर्णय झाला. युसूफभाईंनी हळूच विचारलं की देवीला घाई कसली आहे. मागे कुणीतरी हसलं. त्या हसण्याने सेवेकरी अडखळले. तेवढ्यात पुना आबांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या तिले उभी," ते म्हणाले. त्यांच्यापुढे महाराजांचं चाललं नाही.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. महाराज हंडीकडे सरकले आणि पट्टीला हात घालू लागले, पण हवालदार उठून त्यांच्या शेजारी उभा राहिला. मी निखाऱ्यांकडे पाहत होतो. कवच जाड असलं तर? निखारे कमी पडले तर? सुलक्षणा हंडीकडे बघत उभी होती, हात अंगाशी घट्ट.

ती काहीही बोलत नसताना डोळे लाल झाले. आधी मंद, मग भडक.

शेडमध्ये एकदम गलका झाला. एका बाईने हात जोडले. सुलक्षणाने तो गलका ओसरू दिला. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी आता खोटं बोलते. माझं नाव भिकुबाई. मी धुळ्याची कलेक्टर आहे. मला दहा पोरं आहेत."

डोळे तसेच पेटलेले.

मी पुढे झालो. मुखवट्याखालच्या चौरंगाचं कापड वर केलं. आत मोटरसायकलची बॅटरी होती. तिथून एक वायर मुखवट्यामागच्या दिव्यांतून आणि दुसरी थेट, दोन्ही मुखवट्यावरून पट्टीपर्यंत सोडलेल्या फुलांच्या हारांआडून त्या लाल वस्त्रात, एकेका सळईला गेलेल्या. युसूफभाईंनी चिमट्याने पट्टी उचलून दोन्ही सळ्या लोकांसमोर धरल्या. डोळे विझले. त्यांनी पट्टी खाली केली. डोळे पेटले. असं तीनदा केलं. मग मी बारीक झालेली सळई दाखवली, पिवळी सळई दाखवली आणि सोनं म्हणजे काय ते सांगितलं. महाराजांचं खरं नाव छगन. पूर्वी ते लोखंडावर जस्त चढवायच्या कामावर होते. हे हवालदाराने विचारल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. आवाज अगदी साधा झाला होता. मग त्यांना चोपड्याला नेलं.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर दोन माणसं जीपची वाट बघत होती. एक म्हणत होता की हा महाराज फसवा निघाला, पण सातपुड्याच्या पायथ्याला दुसरे एक आहेत, ते खरे. दुसऱ्याने त्यांचा नंबर घेतला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.   एका बाईने सुलक्षणाला विचारलं की देवीचे डोळे शेवटी पेटलेच ना, म्हणजे तू खरी ठरलीस. तिला निर्दोष ठरवायलाही लोकांना तोच दिवा हवा होता. सुलक्षणा तिला पुन्हा पहिल्यापासून समजावत बसली. बाईने ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळलं नाही.

पुना आबा बागेच्या बांधावर एकटे बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी बराच वेळ मातीत काडीने रेघा ओढल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, दोन दिन पयले दवाखानामा लई जातू, तर पोऱ्या वाचता का?"

त्या क्षणी मला समजलं की छगनने या माणसाला काय दिलं होतं. हा प्रश्न विचारायची पाळी येऊ नये, म्हणून दोष द्यायला एक बाई दिली होती. बाईवर सगळं टाकलं की आपल्याकडे काही उरत नाही. मी खोटं बोलू शकलो असतो. देवाची इच्छा असं म्हणू शकलो असतो, आणि आबा मला कायमचे मानू लागले असते.

"बहुतेक वाचला असता, आबा," मी म्हणालो.

ते उठले आणि घराकडे चालू लागले.  पुढे दीड महिन्याने सुलक्षणाचा फोन आला. ती सात महिन्यांची गरोदर बाई चोपड्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. तिला न्यायला गाडी आबांनी स्वतः काढली होती. गावातली चार-पाच दारं मात्र अजून उघडत नाहीत, असंही सुलक्षणाने सांगितलं. ती रोज वाजवते.

मला वाचणाऱ्याला थोडंच सांगायचं आहे. दिवा लागला म्हणजे कुठेतरी वीज आहे, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. पण तुम्हाला युक्ती सापडली नाही, मला सापडली नव्हती तशी, तरी चालेल. तेवढ्याने तो चमत्कार ठरत नाही. आपल्याला अजून कळलं नाही, एवढंच ठरतं. आणि न कळलेल्या गोष्टीवर विसंबून कुणा बाईला गावाबाहेर काढू नका. लहान मुलाचा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर कुणाला काही विचारत बसू नका. गाडी काढा.